एस्तेरबाईच्या स्लॅबवरचा वास

वैजनाथचं नाव तोंडावर आलं की मी आधी थुंकते आन मंगच बोलते. आज बी तसंच करनार. कुनाला किळस आली तर त्यानं खुशाल उठून जावं, माजं काई म्हननं न्हाई.

पन सांगायचंय ते एस्तेरबाईचं. त्या मेल्याचं नाव तिच्या गोष्टीत येतंय, त्याला माजा इलाज न्हाई.

एस्तेरबाई म्हंजी आमच्या वाडीच्या शाळेवर कृपादान मास्तर हुते, त्यांची बायकू. वैरागर आडनाव. जन्म नगरचा. मिशनच्या दवाखान्यात आया म्हनून काम केलेली. लगीन करून पाथर्डीच्या बाजूला, आमच्या ह्या दगडगोट्यात आली. अंगानं काडी, पायात कायम कापडी बूट, आन जीभ अशी की शाळा तपासायला आलेला साहेब बी तिच्यासमोर शर्टाची बटनं चाचपायचा. मास्तर वारले तवा सगळ्यांना वाटलं, आता ही पुन्याला पोरीकडं जानार. आराधना म्हनून एकुलती पोरगी हाय, तिकडं जनावरांच्या डाक्टरकडं कामाला. पन बाई म्हनली, "मी कुठंही जाणार नाही. घर मास्तरांनी बांधलं, स्लॅब मी टाकला. इथंच मरेन." झालं. बाईनं एकदा म्हनलं की ब्रह्मदेव आला तरी ते बदलत न्हाई.

आता आमी कोन ते सांगते. मी छबू. माजा नवरा भीमा. आमी कोयतेवाले. दसरा झाला की आमची निम्मी वाडी ऊस तोडायला जाती. ट्रकात भांडी चढत्यात, सरपन चढतं, शेरडं, कोंबड्या, पोरं, समदं चढतं. कुत्रं तेवढं चढत न्हाई. मुकादम चढू देत न्हाई, आन दडवून न्हेलं तरी कारखान्याच्या तळावरची कुत्री त्याला फाडून खात्यात. मंग ट्रक निघतो आन कुत्री मागं पळत्यात. मारुतीच्या देवळापतूर पळत्यात, तिथं थांबत्यात, आन बघत ऱ्हात्यात. आमी ट्रकात पाठ करून बसतो. बघवत न्हाई म्हनून. मागं ऱ्हायलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचं त्यांनाच हुत न्हाई, ती कुत्र्यांना काय घालनार? उन्हाळ्यात आमी परत यायचो तवा निम्मी कुत्री जागेवर नसायची. कुनी विचारायचं बी न्हाई.

मास्तर गेले त्या साली एस्तेरबाई मारुतीपाशी उभी हुती. तिनं ते बघितलं. आमचा ट्रक वळनावर जाईपतूर ती आमाला शिव्या देत हुती. खिस्ती मानूस शिव्या देत न्हाई असं कुनी सांगितलं असंल तर त्यानं एस्तेरबाई बघितली न्हाई.

पुढच्या साली दसऱ्याच्या आधी ती घरोघर आली. म्हनली, "जाताना आपापलं कुत्रं माझ्या ओट्यावर आणून सोडायचं. आणि घरातल्या बाईचं एक जुनं लुगडं सोबत. ते अंथरते. धन्याचा वास असला की ती ठरतात, पळत नाहीत." आमी हसलो. पन न्हेऊन सोडली. आन बघा, त्या साली ट्रकामागं कुत्रं पळालं न्हाई. माजा भुंग्या माज्या हिरव्या लुगड्यावर बसला, नुसता बघत ऱ्हायला. तवापासून आमच्यात ही रीतच पडली. ट्रकात चढायच्या आधी कुत्रं आन लुगडं एस्तेरबाईकडं.

आता एवढ्या कुत्र्यांना घालायचं काय? नुसती भाकरी? भाकरी कुत्रं गिळतं, चावत न्हाई. दात किडत्यात, तोंडाला घान सुटती, मंग रिकामटेकडं बसलं की चपला फाडतं, कोंबड्या धरतं. हे तिला आराधनानं सांगितलं. पुन्यात म्हनं पैशेवाले लोक कुत्र्याला वाळवलेले कान, खूर, पोटातली वजडी असलं पाकिटातनं आनून देत्यात. एस्तेरबाई म्हनली, "पाकीट कशाला? पाथर्डीत खाटीक टाकूनच देतो की सगळं."

तर बाजाराच्या दिवशी ती पाथर्डीला जायची. येताना जीपवाला तिला म्हागच्या बाजूला लटकवायचा, कारन पोत्यात बोकडाचे कान, खूर, वजडी आन घशाच्या नळ्या. घरी आली की धुवायची, एक उकळी द्यायची, आन स्लॅबवर मच्छरदानीखाली वाळत घालायची. मीठ न्हाई, हळद न्हाई, कायबी न्हाई. खडखडीत वाळलं की डब्यात. आन वास! आई गं! वजडी वाळायला लागली की गल्लीतनं जाताना पदर नाकाला लागायचाच. साळूबाई म्हातारी म्हनायची, "बाई, आमी जित्ते असून तुमी आमाला मढ्याचा वास देताय." एस्तेरबाई वरनं वाकून म्हनायची, "साळूबाई, तुमच्या तंबाखूपेक्षा बरा आहे."

पन कुत्री! एकेकाची कातडी तेल लावल्यावानी चमकायची. भुंग्या म्हातारा झाल्ता, तरी दात पांढरेफेक. सकाळी ओट्यावर वळीनं बसायची, एकेकाला एकेक तुकडा, आन बाईच्या डोळ्यादेखत चावून संपवायचा. तोंडात घेऊन पळालेलं तिला चालायचं न्हाई. "घास अडकला तर?" म्हनायची. उरलेला तुकडा सुद्धा काढून घ्यायची. हे ध्यानात ठेवा. तिच्या ओट्यावरनं एक तुकडा बी भाईर जात हुता तर तो एकाच घरी, ते म्हंजी वैजनाथकडं.

थुंकले. आता सांगते.

वैजनाथ आमच्या वाडीतला बडा मानूस. समदे आन्ना म्हनत्यात. रानं हायेत, जेसीबी हाय, आन दोन सालापूर्वी त्यानं एस्तेरबाईच्या भिंतीला लागून मंगल कार्यालय बांधलं. त्याच्याकडं एक कारवानी कुत्रा, राणा नावाचा. उंच, बारीक कंबरेचा, पळायला लागला की नुसती रेघ. त्या राणाच्या हिरड्या सुजल्या, तोंडाला वास यायला लागला. डाक्टर झाले, औषधं झाली. मंग हा पठ्ठ्या एस्तेरबाईच्या ओट्यावर. "बाई, तुमच्या कुत्र्यांचे दात लई भारी. जरा आमच्या राणाला बी द्या की." बाईनं पिशवी भरून दिली. नळ्या, कान, समदं. दर बाजाराला द्यायला लागली, फुकटात. राणाचं तोंड सुधारलं. खाल्ल्या मिठाला जागावं म्हनत्यात. हितं तर बाई मीठच घालत न्हवती, जागनार कशाला?

कारन कार्यालय सुरू झालं आन त्याला दोन गोष्टी टोचाय लागल्या. एक म्हंजी वास. आन दुसरी म्हंजी बाईची जागा. वऱ्हाडाच्या गाड्या लावायला त्याला नेमकी तीच जागा पायजे हुती. आधी गोड बोलला. "बाई, एकट्या किती दिवस ऱ्हाताय? पोरीकडं जावा." बाईनं चहा दिला आन न्हाई म्हनून सांगितलं. मंग चार लोकांत बोलाय लागला, "त्यांच्यात चालतं हे असलं. आपल्यात चालत न्हाई." का रं बाबा? तुज्या राणाला चालतं, तुला चालत न्हाई? पन हे तोंडावर बोलायला आमी गावात नसायचो. आमी उसात.

औंदा संक्रांतीच्या पुढं साळूबाईचा फोन आला. मी मोळी बांधत हुते. म्हनली, "छबे, तुजा भुंग्या गेला गं. आजून दोन गेली. तोंडाला फेस आला आन गेली. त्या बाईच्या कुजक्या मासानं मेली म्हनत्यात समदे."

मी मोळीवर बसले. मुकादम वरडत हुता, मी उठले न्हाई. भुंग्याला मी थानाला पोर असताना आनलेला. एका बाजूला पोर, एका बाजूला भुंग्या. भीमा म्हनला, "रडू नको, कुत्रंच हुतं." मी म्हनलं, "पुन्ना असं बोललास तर कोयता तुज्याच पायावर घालीन." मंग तो बी तोंड फिरवून डोळं पुसत बसला.

पन एक सांगते, बाईनं मारली असं मला एका घडीला बी वाटलं न्हाई. जी उरलेला तुकडा काढून घेती ती कुजकं घालंल व्हय?

ऊस संपला, आमी आलो. वाडीत पाय ठेवला तर चित्र येगळंच. कुनी बाईशी बोलंना. पान्याच्या टँकरवर बाया तिला पुढं येऊ देईनात. पोरं तिच्या दारावरनं नाक धरून पळायची. ज्या बाईनं आमच्या दारची कुत्री जगवली तिच्या दाराला कुनीतरी चपलांचा हार बांधून गेल्तं. आन वैजनाथ जाईल तिथं सांगत हुता, "आज कुत्री मेली, उद्या पोरं मरतील. एक मे च्या गिरामसभेत विषय घेतो. एक तर तो धंदा बंद, न्हाईतर बाईनं वाडी सोडायची." चोराच्या उलट्या बोंबा म्हनत्यात त्या ह्या.

मी बोचकं बी न सोडता बाईच्या घरी गेले. ती ओट्यावर बसल्ती. सगळी लुगडी धुऊन, घड्या घालून ठेवल्ती. माजं हिरवं त्यात न्हवतं.

"त्यातच गुंडाळून पुरलं त्याला," ती म्हनली. "लिंबाखाली. विचारायला तू नव्हतीस, छबू."

मी रडले. ती रडली न्हाई. आत गेली आन एक चहापत्तीचा डबा आनला. झाकान उघडलं तर आत घशाची वाळलेली नळी. पन कशी? मधी चिरलेली, आत काईतरी भरलेलं, आन वरनं पांढऱ्या दोऱ्यानं गच्च बांधलेली. भरलं कारलं तेलात सोडायच्या आधी आपन बांधतो ना, थेट तसं.

"भुंग्याच्या पंजाखाली होती," बाई म्हनली. "बाकीच्यांनी खाल्ली, त्यानं ही निम्मी चावली. वास घे. लांबून घे."

माज्या नाकाला कपाशीवर मारायच्या औषधाचा भपकारा आला. नळीच्या वासाखाली दडलेला. माज्या अंगातनं आग निघाली. नळी बाईची, वास बाईचा, आन विष दुसऱ्याचं. कुत्र्यांनी इश्वासानं तोंड घातलं, कारन वास आपल्या बाईचा हुता.

"कुनी?" मी म्हनलं.

"ओट्याबाहेर नळ्या फक्त एका घरी जातात."

मी कोयता घ्यायलाच उठले. बाईनं माज्या मनगटाला धरलं. काडीसारखी हाय पन पकड पक्की हाय.

"तू त्याला मारशील, तुरुंगात जाशील, आणि वाडी म्हणेल, बाईनं कुत्री मारली ती मारलीच. मला त्याचं रक्त नको. मला त्याच्या तोंडून हवं. सगळ्यांपुढं."

"ही नळीच दाखवा की मंग समद्यांना!"

"दाखवली असती. तो म्हणाला असता, बाईनं स्वतःच बांधली. दोऱ्याचं मी कोणाला सांगितलेलं नाही. हा दोरा मला माहीत, आता तुला माहीत, आणि ज्यानं बांधली त्याला माहीत. म्हणूनच तुम्ही येईपर्यंत गप्प राहिले. ज्यांची कुत्री गेली, त्यांच्यासमोर व्हायला हवं."

एवढे दिवस! चपलांचा हार, टँकरवरचा धक्का, साळूबाईच्या शिव्या, समदं गिळून ती बाई गप बसली, कशासाठी, तर आमी यावं म्हनून. पाथर्डीहून चर्चचे पाळक येऊन गेलते. म्हनले, सूड देवावर सोपवा. बाई त्यांना म्हनली हुती, "पाळकसाहेब, देवाला कामं फार आहेत. एवढं मी करते." पाळक चहा पिऊन गेले.

एक मे ला शाळेच्या पटांगनात गिरामसभा. झेंडा झाला, पोरांना गोळ्या वाटल्या, मंग मानसं लिंबाखाली बसली. सरपंच रतनबाई खुर्चीवर. कोयतेवाले समदे आलते. वैजनाथ पांढऱ्या कपड्यात, शेजारी राणा साखळीला. त्याला तो कुटंबी मिरवायला न्हेतोच, गिरामसभा असली तरी.

वैजनाथ उठला. काय भाषान केलं म्हनता! आरोग्य काय, गावाची अब्रू काय, मुकी जनावरं काय. "ज्यांची कुत्री तडफडून मेली त्यांना मी विचारतो," म्हनला आन माज्याकडं हात केला. "ह्या छबूचा भुंग्या. तिला विचारा काय वाटतं." मी दात आवळून बसले. भीमानं माजा हात दाबून धरला हुता.

रतनबाई म्हनली, "मास्तरीनबाई, तुमचं काय म्हननं?"

एस्तेरबाई उठली. हातात चहापत्तीचाच एक डबा. "सलाम," म्हनली सगळ्यांना, रविवारी चर्चात म्हनती तशी. "अण्णा म्हणतात माझ्या हातचं विष आहे. बरं. मी आत्ता अण्णांच्या राणाला देते. राणाला काही झालं तर मी आजच वाडी सोडते. घर अण्णांना."

लोक कुजबुजले. वैजनाथच्या तोंडाला पानी सुटलं. मी बघितलं ना! बाईनं डब्यातनं एक कान काढला, राणापुढं धरला. राणानं शेपूट हलवत घेतला, कडाकडा चावला. वैजनाथ हसत उभा. हात बी पुढं केला न्हाई.

मी उठले. "काय हो आन्ना, विष हाय म्हनता, पोरं मरतील म्हनता, आन सवताच्या कुत्र्याला खाऊ देता? हसता बी?"

कुनीतरी मागनं म्हनलं, "व्हय की राव." वैजनाथ जरा गडबडला. "एका तुकड्यानं काय हुतंय," म्हनला.

"एकानं काही होत नाही," बाई म्हनली. "खरं आहे. मग हा दुसरा."

तिनं डब्यातनं नळी काढली. वाळलेली, काळपट, मधी पांढऱ्या दोऱ्यानं गच्च बांधलेली. लांबनं बघनाऱ्याला तिच्यात आन कानात कायबी फरक दिसला न्हाई. समदं एकाच वासाचं, एकाच रंगाचं. रतनबाई तर पदर नाकाला लावून दुसरीकडंच बघत हुती. राणानं मान लांब केली.

आन वैजनाथनं उडी मारली. खरं सांगते, उडी. बाईच्या हातावर लाथ घातली, नळी धुळीत उडाली, आन वरडला, "ती न्हाई! दोरा बांधलेली न्हाई! राणा, सोड! सोड ते!" आन कुत्र्याचा जबडा दोन्ही हातांनी उघडून आत बघायला लागला, त्यानं न खाल्लेली नळी शोधायला.

राणा बिचारा घाबरून कुंई करत हुता.

बाई आपला हात चोळत म्हनली, "दोऱ्याचं तुम्हाला कोणी सांगितलं, अण्णा? मेलेल्या कुत्र्याच्या पंजाखालचा दोरा मी आणि छबू सोडून कोणी पाहिला नव्हता."

चोराच्या मनात चांदनं! वैजनाथनं मान वर केली. बघितलं की साळूबाई त्याच्याकडं बघतीय, भीमा बघतोय, ज्यांची दुसरी दोन कुत्री गेली ते बघत्यात. कोयतेवाली मानसं. रोज उसाच्या बुडख्यावर घाव घालनारी.

"मला... मला वाटलं..." म्हनला.

"काय वाटलं रं भाड्या?" मी पुढं झाले. आता मला कुनी धरलं न्हाई. "माज्या भुंग्यानं तुजं काय खाल्लं हुतं? कार्यालयाचं दार खाल्लं हुतं? जी बाई तुज्या कुत्र्याचं तोंड धुऊन काढती, तिच्याच नळीत विष भरलंस? बायकुकडनं शिकलास व्हय कारलं बांधायला? मुडदा बशिवला तुजा!" आजून लई बोलले. ते हितं सांगत न्हाई, सरपंच बाईनं बी लिवून घेतलं न्हाई.

लोक उठले. आता मार पडनार हुता. पन एस्तेरबाईनं हात वर केला आन खाली वाकली. धुळीतनं ती नळी उचलली, पदरानं पुसली, दोरा सोडला. आत नुसता भाकरीचा चुरा, बाईनंच भरलेला. आन काय केलं ठावं हाय? बाईनं ती नळी तोंडात घातली. दोन दात पडल्यात, तरी बाजूच्या दातानं करकचून तोडली, चावली, सगळ्यांच्या डोळ्यादेखत गिळली. तोंड बी वाकडं केलं न्हाई.

"हे माझ्या हातचं," ती म्हनली. "हे माझी पोरं खातात. आता अण्णा, तुम्ही खा."

"बाई, चुकलं माजं," तो म्हनला. "पोलिसात द्या पन..."

"पोलिसात तर देणारच आहे. आधी खा. तुम्ही वाडीभर सांगितलं, हे विष आहे. आता खाऊन सांगा, नाही म्हणून."

डब्यातनं तिनं वजडीचा तुकडा काढला. कान न्हाई, नळी न्हाई, वजडी. सगळ्यात जास्त वास त्यालाच असतो. वैजनाथनं रतनबाईकडं बघितलं. रतनबाईनं नाकावरचा पदर काढला आन म्हनली, "खावा आन्ना. सभा खोळंबलीय."

खाल्ला. पांढऱ्या कपड्यात, झेंड्याखाली, समद्या वाडीपुढं. डोळ्यातनं पानी, नाकातनं पानी, दोनदा वकारी आली, पन भीमा समोर उभा हुता, हात पाठीमागं बांधून. राणा खाली बसून त्याच्या तोंडाकडं बघत हुता, एखादा तुकडा पडंल म्हनून लाळ गाळत. कुनी हसलं न्हाई. नुसता चावल्याचा आवाज येत हुता. मला इचाराल तर एवढा गोड आवाज मी जल्मात ऐकला न्हाई.

"विष आहे का?" बाईनं इचारलं.

"न्हाई."

"मोठ्यानं."

"न्हाई! विष न्हाई! विष मी भरलं हुतं!"

बाईनं डब्याला झाकान लावलं आन घरी गेली. साळूबाई तिच्यामागं रडत रडत गेली, माफी मागत. बाईनं तिला ओट्यावर बसवलं, चहा दिला, आन म्हनली, "चपलांचा हार कोणाचा होता ते मला माहीत आहे, साळूबाई. तुमची डावी चप्पल मी ठेवून घेतली आहे. उजवी आणून द्या, उगाच जोडा फुटला." मी तर हसून हसून खाली बसले.

पोलिसात अर्ज दिला. तारखा चालल्यात, चालू देत. कार्यालयात आमच्या वाडीचं एक बी लगीन लागलं न्हाई त्या उन्हाळ्यात. लोक तिसऱ्या गावाला गेले पन तिथं न्हाई. वैजनाथला टँकरवर बघून बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या, जशा बाईला बघून झाल्त्या. मी सगळ्यात आधी व्हायचे.

आन त्यानं काय करावं? राग काढला राणावर. त्या दिवसापासनं राणा त्याला नको झाला. साखळी सोडून हाकलून दिला. राणा आला कुटं? बाईच्या ओट्यावर, अजून कुटं! बाईनं त्याला कान दिला.

मी भांडले. "ह्याला? त्याच्या कुत्र्याला? भुंग्याच्या जागी?"

"कुत्र्याचा काय गुन्हा, छबू?"

"मला म्हाईत न्हाई. मला ह्याचं थोबाड बघवत न्हाई."

पन मी रोज बाईकडं जायचे, आन हा मेला रोज माज्या मागं घरापतूर यायचा. दगड मारला तरी यायचा. शेवटी मी भाकर टाकाय लागले. म्हनलं, खा आन मर. तो खायचा, मरायचा न्हाई.

दसरा आला. ट्रक मारुतीपाशी लागला. बाया कुत्री घेऊन, लुगडी घेऊन बाईच्या ओट्यावर चालल्या. माज्या हातात काय न्हवतं. मी नुसती गेले, सलाम करून यावं म्हनून.

"लुगडं?" बाई म्हनली.

"कुनासाठी? माजं कोन ऱ्हायलंय?"

तिनं राणाकडं बघितलं. राणा माज्याकडं बघत हुता.

त्याचं कुत्रं! त्याला माजं लुगडं? मी वळून ट्रककडं चालाय लागले. कार्यालयाच्या दारात वैजनाथ उभा हुता. मला बघून त्यानं मान खाली घातली आन मंग हळूच जीभ टाळूला लावून "राणा, राणा," असं बोलावलं. त्याला वाटलं असंल, आता बाया जात्यात, आता येईल.

राणा ओट्यावरनं उठला. त्याच्याकडं बघितलं बी न्हाई. माज्या मागं आला.

मी तिथंच थांबले. बोचकं सोडलं, त्यातलं बदलायचं लुगडं काढलं, नवं बरं का, एकदाच नेसलेलं, आन माघारी जाऊन बाईच्या ओट्यावर भुंग्याच्या जागी अंथरलं. वैजनाथला नीट दिसावं म्हनून दोनदा झटकून अंथरलं. राणाला म्हनलं, "बस." बसला.

ट्रकात चढले. ट्रक निघाला. बाकीची समदी कुत्री लुगड्यावर बसून ऱ्हायली, राणा एकटा पळत आला. माज्या लुगड्यावर आज पहिल्यांदाच बसल्ता, त्याला रीत कुटं म्हाईत. वैजनाथच्या दारावरनं, वैजनाथच्या डोळ्यासमोरनं, नुसती काळी रेघ, मारुतीच्या देवळापतूर. तिथं थांबला आन माज्याकडं बघत ऱ्हायला.

औंदा मी पाठ करून बसले न्हाई.